मांजराला गाडीतून गावी नेताना

मे महिन्याची सुट्टी आणि गणपतीचा आठवडा, या दोन वेळी मुंबई-पुण्याहून कोकणाकडे निघालेल्या गाड्यांमध्ये हल्ली मांजरंही असतात. मुंबई ते सावंतवाडी म्हणजे साधारण ५०० किलोमीटर. रस्ता मोकळा मिळाला तरी दहा तास, आणि गणपतीच्या गर्दीत त्याहून कितीतरी जास्त. बदली झाली म्हणून बिऱ्हाड उचलून पुण्याहून नागपूरला निघालेली कुटुंबं वेगळीच. घरचा कुत्रा अशा प्रवासाला शेपटी हलवत तयार होतो, तसं मांजरही होईल असं धरून जे निघतात, त्यांची पहिल्या तासातच तारांबळ उडते.

कुत्र्याचं घर म्हणजे त्याची माणसं. मांजराचं घर म्हणजे त्याची जागा. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, तुमच्या पोटरीला गाल घासत ते फिरतं, तेव्हा गालाजवळच्या ग्रंथींमधला वास तिथं लागत असतो. तो वास आपल्याला येत नाही, पण मांजराला तीच आपल्या हद्दीची खूण वाटते. गाडीत बसवलं की ही हद्द एका क्षणात नाहीशी होते. त्यात पेट्रोलचा वास, पायाखालची थरथर, शेजारून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० हजारांच्याही पुढचे. आपल्याला शांत वाटणारी गाडी त्याला शांत नसते.

त्यामुळे मांजराला प्रवासात शांत ठेवायचं तर त्याच्या घराचा एक तुकडा त्याच्यासोबत गाडीत ठेवावा लागतो. तो तुकडा म्हणजे कॅरिअर, मांजराला ज्यात बसवून न्यायचं ती पेटी. प्रवासाच्या सकाळी माळ्यावरून काढलेला, धुळीचा वास मारणारा कॅरिअर हे काम करू शकत नाही. तयारी तीन-चार आठवडे आधी सुरू करावी लागते, आणि प्रवास सुखाचा होणार की नाही ते बहुतेक या आठवड्यांतच ठरतं.

आधी एक प्रश्न

मांजराला न्यायलाच हवं का? चार-पाच दिवसांसाठी गावी जाणार असाल आणि रोज घरी येऊन खाणंपिणं, वाळूचा ट्रे बघणारं भरवशाचं माणूस असेल, तर बहुतेक मांजरं घरीच अधिक सुखी असतात. शेजारच्या काकू किंवा ओळखीचा कॉलेजातला मुलगा दिवसातून दोनदा येऊन गेला तरी पुरतं. मात्र भरपूर अन्न-पाणी ठेवून कुलूप लावून निघून जाणं हा पर्याय नव्हे. मांजर आजारी पडलं तर ते कळायला रोज कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं.

काही मांजरांना तर शक्य तोवर नेऊच नये. गाभण मांजरी, आईचं दूध पिणारी पिल्लं, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेली म्हातारी मांजरं यांना लांबचा प्रवास सोसत नाही. पर्शियन मांजरांची वेगळी काळजी. चपट्या नाकामुळे त्यांचा श्वास आधीच अडखळत असतो आणि उकाडा त्यांना इतरांपेक्षा फार लवकर बाधतो. मे महिन्यात पर्शियन मांजर घेऊन दुपारच्या उन्हात महामार्गावर निघू नका, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

पंधरा दिवसांहून जास्त मुक्काम असेल, घरच बदलत असेल किंवा मांजराला औषध चालू असून ते दुसऱ्या कुणाला देता येत नसेल, तर न्यायला हवं. मग मात्र नीट न्यायला हवं.

कॅरिअर आणि त्याची सवय

पूर्वी गावाकडं मांजर हलवायचं म्हणजे पोत्यात घालून तोंड बांधायचं. अजूनही काही जण तसं करतात. अंधार, गुदमर आणि हलता न येणं, या तिन्ही गोष्टी मांजराला जिवावरच्या संकटासारख्या वाटतात. प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीनं वाहनातून नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. वेताची उघडी टोपली किंवा पुठ्ठ्याचं खोकंही नको. घाबरलेलं मांजर पुठ्ठा फाडतं, आणि लघवी झाली की खोक्याचा तळच सुटतो.

टणक प्लास्टिकचा, समोरून आणि वरूनही उघडणारा कॅरिअर सर्वांत सोयीचा. घाबरलेल्या मांजराला समोरच्या दारातून ओढून काढावं लागत नाही, वरून अलगद उचलता येतं. वरचा अर्धा भाग क्लिप काढून वेगळा होत असेल तर आणखी चांगलं, कारण डॉक्टरांना खालच्या भागात बसलेल्या मांजराची तपासणी करता येते. माप असं असावं की मांजराला आत उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय दुमडून झोपता यावं. याहून फार मोठा घेऊ नका. ब्रेक लागला की मोठ्या जागेत ते इकडून तिकडे आपटतं. दोन मांजरं असतील तर दोन कॅरिअर. घरी एकाच उशीवर झोपणारी भावंडंही भीतीच्या भरात एकमेकांवर तुटून पडतात, आणि प्रवासात पडलेली ही तेढ पुढं कित्येक दिवस टिकते.

आता सवय. कॅरिअरचं दार काढून टाका किंवा उघडं बांधून ठेवा आणि मांजर जिथं नेहमी लोळतं तिथं तो ठेवून द्या. आत तुमचा वापरलेला सुती टी-शर्ट किंवा मांजराचीच जुनी चादर घाला. ती धुऊ नका, तिचा वास हाच तिचा उपयोग आहे. मग दोन-तीन दिवस काहीच करायचं नाही. मांजर हुंगेल, आत डोकावेल, एखाद्या दुपारी आत जाऊन झोपेल. त्याला उचलून आत ठेवण्याचा मोह टाळा. स्वतःच्या पायांनी आत गेलेलं मांजर आणि ढकललेलं मांजर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

जेवणाची वाटी आधी दाराशी, मग उंबऱ्यावर, मग आत अगदी शेवटी. मांजर आत निवांत खाऊ लागलं की दार क्षणभर लावून लगेच उघडा. हळूहळू हा काळ वाढवत न्या. दार लावलं असताना सुकट, उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा जे त्याचं सर्वांत लाडकं असेल ते द्या, आणि हा खाऊ या काळात इतर कुठं देऊच नका. पुढची पायरी म्हणजे कॅरिअर उचलून घरातल्या घरात चालणं. वरच्या दांड्याला लोंबकळत नेऊ नका. खालून दोन्ही हातांचा आधार द्या, म्हणजे आतली जमीन हलत नाही. मग बंद गाडीत ठेवून थोडा वेळ बसा. नंतर इंजिन सुरू करा, पण जागचं हलू नका. मग सोसायटीला एक फेरी, मग दहा-पंधरा मिनिटांचा फेरफटका. दर वेळी घरी परत आलं की लाडकं जेवण.

इथं बहुतेक जण घाई करतात. एखाद्या पायरीवर मांजर खायचं थांबलं, अंग आक्रसून बसलं किंवा ओरडू लागलं, तर एक पायरी मागं या. भीतीत ओलांडलेली पायरी टिकत नाही. मांजराचा आजवरचा प्रत्येक गाडीप्रवास दवाखान्यातच संपला असेल तर जरा जास्त वेळ लागेल. काही फेऱ्या कुठंच न जाता घरी परत येणाऱ्या असल्या पाहिजेत.

डॉक्टर आणि औषधं

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पशुवैद्याकडं एक फेरी करा. रेबीज आणि मांजरांची तिहेरी लस चालू तारखेची आहे ना ते पाहा, आणि लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गावी कुत्री आणि भटकी मांजरं भेटणार, तेव्हा रेबीजच्या लसीत हयगय नको. प्रवासात घाबरलेल्या मांजरानं कुणाला बोचकारलं किंवा चावलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. मांजर घरचं असलं, लस दिलेलं असलं तरीही.

भीती फार असलेल्या मांजरांसाठी डॉक्टर अनेकदा गॅबापेन्टिन लिहून देतात. ते प्रवासाच्या दोन-तीन तास आधी द्यायचं असतं, आणि त्यानं भीतीची धार कमी होते. किती द्यायचं ते मांजराच्या वजनावर आणि मूत्रपिंडाच्या स्थितीवर अवलंबून असतं, म्हणून नात्यातल्या कुणाच्या मांजराला चाललेला डोस तुमच्या मांजराला देऊ नका. डॉक्टरांनी दिलेला डोस आधी घरी, सुट्टीच्या दिवशी देऊन पाहा. काही मांजरं त्यानं डुलत चालतात, काही जास्त झोपतात. हे रस्त्यात पहिल्यांदा कळायला नको. ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली घाट उतरायचा असेल तर उलटीच्या औषधाबद्दलही विचारा. मॅरोपिटँट नावाचं औषध पशुवैद्य यासाठी देतात.

घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावायचा नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. माणसांच्या गाडी लागण्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं देऊ नका. प्रवासाला निघण्याआधी गोचीड-पिसवा नकोत म्हणून कुत्र्यासाठी आणलेलं औषध मांजराच्या मानेवर लावणारेही भेटतात. त्यात परमेथ्रिन असेल तर ते मांजरासाठी विष आहे.

मांजराच्या गालाच्या वासासारखं कृत्रिम द्रव्य असलेले स्प्रे मिळतात. फेलिवे हे त्यातलं माहितीचं नाव. मांजर आत नसताना कॅरिअरच्या कोपऱ्यांत फवारायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं, म्हणजे त्यातलं अल्कोहोल उडून जातं. सगळ्याच मांजरांवर याचा परिणाम होत नाही, पण अपायही नाही. गाडीत टांगलेली सुगंधी बाटली मात्र काढून टाका. निलगिरी, कापूर, लिंबाच्या सालीचं तेल असले उग्र वास मांजराला नकोसे होतात, आणि अशी तेलं पोटात गेली तर त्याच्या यकृताला ती पचवता येत नाहीत.

निघायचा दिवस

निघण्याच्या चार-पाच तास आधी हलकं जेवण द्या. पहाटे पाचला निघणार असाल तर रात्री उशिरा दिलेलं जेवण पुरेसं. पोट तुडुंब भरलेलं असलं की घाटात उलटी ठरलेली. पाणी तोडू नका. सामानाची बांधाबांध सुरू होण्याआधी मांजराला एका खोलीत ठेवून दार लावून घ्या. बॅगा बाहेर येताना पाहिल्या की चाणाक्ष मांजर पलंगाखालच्या शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बसतं, आणि मग ओढाओढीनंच प्रवासाची सुरुवात होते.

गळ्यात पट्टा, पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर. पट्टा ताण पडल्यावर आपोआप सुटणारा हवा, नाहीतर फांदीत अडकून फास बसतो. मायक्रोचिप असेल तर उत्तमच, पण गावात ती वाचायचं यंत्र कुणाकडं असण्याची शक्यता कमी. रस्त्यात सापडलेल्या मांजराच्या गळ्यातला नंबर मात्र कुणीही वाचू शकतो. कॅरिअरमध्येही अंगावर हार्नेस राहू द्या. त्याची सवय अर्थात आधी घरी लावलेली हवी.

कॅरिअर ठेवायची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागची, पाय ठेवायची जमीन. पुढची सीट मागं सरकवून कॅरिअर तिथं घट्ट बसवा. जोराचा ब्रेक लागला तरी तो उडत नाही आणि मांजराला खिडकीबाहेर पळणारं जग दिसत नाही, त्यामुळे मळमळही कमी होते. एसीचा झोत किंवा सायलेन्सरची धग तिथं येते का, हे आधी हात ठेवून बघा. नवा कॅरिअर घेणार असाल तर गाडीतल्या या जागेचं माप घेऊनच दुकानात जा. पुढच्या सीटवर कॅरिअर कधीही नको. एअरबॅग उघडली तर तिचा फटका जीवघेणा असतो. डिकीही नको. तिथं हवा नाही, आणि मागून कुणी धडकलं तर पहिला मार तिथंच बसतो.

कॅरिअरवर पातळ सुती कापड तीन बाजूंनी टाका. जुनी साडी किंवा पंचा उत्तम. एक बाजू हवेसाठी उघडी राहू द्या. तळाला चादरीखाली लघवी शोषणारं पॅड घाला आणि आणखी तीन-चार पॅड, ओले टिश्यू, प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा. घरच्या वाळूची पिशवी, पसरट ट्रे, नेहमीचं अन्न आणि घरचं पाणी बरोबर घ्या. पाण्याची चव बदलली की काही मांजरं तोंडच लावत नाहीत.

रस्त्यावर

पहिला अर्धा-पाऊण तास मांजर ओरडेल. लहान मूल रडल्यासारखा तो लांबलेला आवाज ऐकून जीव कासावीस होतो आणि मागच्या सीटवरची आजी म्हणते, "अगो, काढ त्याला बाहेर, मांडीवर घे." काढू नका. गाडीत मोकळं सुटलेलं मांजर लपायला अंधारी जागा शोधतं, आणि अशी एक जागा ड्रायव्हरच्या पायापाशी, ब्रेकखाली असते. आजींना हे निघण्याआधीच नीट समजावून सांगा. कॅरिअरच्या जाळीपाशी बोटं ठेवून हलक्या आवाजात बोललात तर चालतं. सारखं सारखं नावानं हाका मारू नका. तुमच्या आवाजातली काळजी त्याला कळते. बहुतेक मांजरं काही वेळानं गप्प होतात आणि झोपतात. गाणी लावायची तर मंद. वेग आणि वळणं सांभाळा, घाटात एकदा वेग वाढवायचा आणि एकदा करकचून ब्रेक मारायचा असं नको. कोल्हापूरहून आंबा घाटानं रत्नागिरीकडं उतरताना ड्रायव्हरनं दाखवलेला संयम मांजराला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तोंडातून लाळ गळू लागली, मांजर सारखं ओठ चाटू लागलं, तर ते मळमळतंय. गाडी सुरक्षित जागी थांबवा, थोडी ताजी हवा लागू द्या. पण तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून धापा टाकू लागलं, तर ती धोक्याची खूण आहे. कुत्र्याच्या बाबतीत धापा टाकणं नेहमीचं. मांजराच्या बाबतीत तसं नाही. एकतर भीती टोकाला गेलीय किंवा अंग तापलंय. मांजराच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं आणि घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडं फारसा मार्ग नसतो. ताबडतोब एसी वाढवा, पंजे आणि पोट साध्या पाण्यानं ओलं करा, बर्फ लावू नका, आणि जवळचा पशुवैद्य गाठा. हे घरी गेल्यावर बघू, असं म्हणायला वेळ नसतो.

गाडीत २४ ते २६ अंशांच्या आसपास गारवा ठेवा. उन्हाची बाजूही बघा. मुंबईहून कोकणात दक्षिणेकडं जाताना सकाळी ऊन डाव्या अंगाला असतं, दुपारनंतर उजव्या. कॅरिअर कुठल्या सीटमागं ठेवायचा ते त्यावरून ठरवा किंवा काचेला पडदा लावा.

उभ्या गाडीत मांजराला एकटं सोडू नका. चहा प्यायला पाच मिनिटं म्हणून उतरलेली माणसं वडापावच्या रांगेत वीस मिनिटं घालवतात. बाहेर ३० अंश असताना उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात ४५ अंशांच्या पुढं जाते, आणि काच दोन बोटं खाली ठेवल्यानं त्यात फारसा फरक पडत नाही. आळीपाळीनं उतरा. एक माणूस एसी चालू ठेवून आत.

आणि आता दाराचा नियम. कॅरिअर उघडण्याआधी गाडीची सगळी दारं आणि सगळ्या काचा बंद, दारांना लॉक. हे मोठ्यानं बोलून, एकमेकांना विचारून करा. घरी आज्ञाधारक असलेलं मांजर पेट्रोल पंपावर ट्रकचा हॉर्न ऐकून उसळलं की कुणाचं ऐकत नाही, आणि महामार्गाच्या कडेला हरवलेलं मांजर सापडणं फार कठीण असतं. टोल नाक्यावर, पोलिसांनी अडवल्यावर, ढाब्यावर गाडी लागल्यावर कॅरिअरचं दार बंदच हवं. मुलं गाडीत असतील तर ही जबाबदारी एका मोठ्या माणसाच्या नावावर लिहून टाका.

चार-पाच तासांनी एकदा गाडी सावलीत लावून, दारं लॉक करून, मागच्या सीटपुढं खाली वाळूचा ट्रे आणि पाणी ठेवा आणि मांजराला हार्नेससह दहा मिनिटं बाहेर येऊ द्या. बहुतेक वेळा ते ट्रेकडं बघणारही नाही. पाय ताणेल आणि पुन्हा कॅरिअरमध्ये जाऊन बसेल. काळजी करू नका, दिवसभराच्या प्रवासात बरीच मांजरं लघवी धरून ठेवतात. बाहेर हिरवळ दिसली म्हणून दोरी लावून खाली उतरवू मात्र नका.

रस्त्यातले दवाखाने आधी शोधून ठेवा. पुण्याहून साताऱ्याकडं जाताना शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत परळला, नागपूर, परभणी आणि उदगीरलाही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कोकणात तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथं मुख्यतः गुरंढोरं येत असली तरी अडचणीच्या वेळी तो जवळचा असतो. निघण्याआधी नंबर मिळवून, फोन करून, सुट्टीच्या दिवशी कोण भेटेल हे विचारून ठेवा. गणपतीच्या दिवसांत हा फोन विशेष गरजेचा.

गावच्या घरात

गाडी अंगणात लागली की सगळे धावत येतात, आणि मुलांना सर्वांत आधी मांजर बघायचं असतं. कॅरिअर तसाच, कापडासकट, एका खोलीत न्या. खोली निवडताना वर बघा. कौलारू घरात भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये मोकळी फट असते, आणि वाशांवर चढलेलं मांजर माळ्यावरून पलीकडं कधी उतरलं ते कळत नाही. स्लॅबची किंवा वरून बंद असलेली खोली हवी. नसेल तर कडी लागणारं न्हाणीघरही चालतं. एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, त्यापासून दूर पाणी आणि अन्न, मध्ये उघडा कॅरिअर. मग दार लावून बाहेर या. त्याला बाहेर ओढू नका. रात्री घर शांत झाल्यावर ते आपणहून फिरेल, प्रत्येक कोपरा हुंगेल.

थोड्या दिवसांचा मुक्काम असेल तर सबंध मुक्काम त्या खोलीतच काढू द्या. शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराला बिनकठड्याची विहीर माहीत नसते, घोणस आणि फुरसं माहीत नसतं, गावातली कुत्री माहीत नसतात. रात्री वाडीत बिबट्या फिरकतो अशा गावांत तर अंगणातही सोडू नका. गणपतीत आरतीच्या झांजा, डबल-बारीच्या भजनाचा आवाज, विसर्जनाचे फटाके, आणि दिवसभर उघडी दारं. दारावर मोठ्या अक्षरांत "आत मांजर आहे, दार लावा" असा कागद चिकटवा आणि घरातल्या प्रत्येकाला तोंडीही सांगा. गौरीच्या पूजेत वापरली जाणारी कळलावीची लालपिवळी फुलं अतिशय विषारी असतात. ती आणि लिलीची कुठलीही फुलं मांजराच्या वाटेत येऊ देऊ नका.

कायमचं घर बदलून गेला असाल तर निदान दोन-तीन आठवडे मांजर आतच ठेवा. त्याआधी बाहेर पडलं तर ते जुनं घर शोधायला निघतं.

एवढं करूनही निसटलंच, तर लगेच गाव गोळा करून हाका मारत फिरू नका. अनोळखी जागी घाबरलेलं मांजर सहसा लांब पळत नाही. जवळच्या लाकडांच्या रचलेल्या राशीत, गवताच्या गंजीखाली, पडवीच्या कोनाड्यात गप्प बसून राहतं आणि ओळखीच्या माणसालाही ओ देत नाही. रात्री गलका थांबल्यावर एकट्यानं टॉर्च घेऊन जमिनीलगत बघत जा, डोळे चमकतात. निसटलं त्या जागी त्याचा कॅरिअर, त्याची चादर आणि वासाचं खाणं, सुकट किंवा बांगडा, ठेवून द्या. अलीकडचा, अंगावरच्या खुणा दिसतील असा फोटो मोबाइलमध्ये असला की वाडीतल्या लोकांना दाखवता येतो.

परतीचा प्रवास सहसा थोडा सोपा जातो, पण नियम तेच. मांजर घेऊन गेलात आणि दुसरं मांजर घरी होतं, तर परत आल्यावर दोघांना एक दिवस वेगळं ठेवा. गावचा वास अंगाला लागलेल्या जुन्या सोबत्यावर घरचं मांजर फिस्कारतं, ते भांडण नव्हे. वास ओसरला की थांबतं.

पोहोचल्यावर पहिली रात्र मांजर जेवलं नाही तरी चालेल. दुसरा दिवसही तसाच गेला तर डॉक्टरांना फोन करा, विशेषतः मांजर लठ्ठ असेल तर, कारण दोन-तीन दिवसांच्या उपासानं त्याच्या यकृतात चरबी साचू लागते. बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसून जोर करत असेल आणि लघवीचा थेंबही येत नसेल, तर लघवीची वाट बंद झालेली असते. अशा वेळी सकाळ व्हायची वाट पाहू नका, रात्रीच पशुवैद्याकडं न्या.